फुलकारी: आजीच्या हातून नातीच्या माथ्यावर

प्रस्तावना

पंजाबच्या जुन्या फुलकाऱ्या आज बहुतेकांना काचेआडच भेटतात. संग्रहालयाच्या भिंतीवर त्या ताणून लावलेल्या असतात, मंद उजेडात त्यांचे सोनेरी रेशीम चमकत असते, शेजारच्या पाटीवर प्रदेश आणि अंदाजे काळ दिलेला असतो. पाहणारा भरतकामाची बारकाई बघून थक्क होतो आणि पुढे सरकतो. या कौतुकात एक साधी गोष्ट निसटते. फुलकारी ही बाईने डोक्यावर घ्यायची ओढणी आहे. ती कुणा एका बाईने कुणा एका मुलीसाठी भरलेली असते, आणि बहुतेक वेळा त्या दोघींचे नाते ओढणीच्या रंगावरून, टाक्यावरून आणि नक्षीवरून ओळखता येत असे.

फुलकारीवर कलावस्तू म्हणून पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते लेखन मोलाचे आहे. या पुस्तकाचा रोख थोडा वेगळा आहे. बाईच्या डोक्यावरच्या वस्त्राचा अर्थ कापडातून ठरत नाही, ते कुणाच्या हातून कुणाच्या माथ्यावर आले यावरून ठरतो, असे मला वाटते. ही हातांची साखळी गावात कशी चालत होती, बाजाराने आणि फाळणीने ती कुठे तुटली, समुद्रापलीकडे तिचे काय झाले आणि आज तिच्यातले काय उरले, हे पुढच्या प्रकरणांत मांडले आहे. त्याआधी वाचकाच्या हाती काही मूलभूत गोष्टी द्याव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

प्रथम कापडाविषयी. फुलकारीचे कापड खद्दरचे असे. सूत घरातल्या बायकांनी चरख्यावर काढायचे, गावच्या जुलाह्याने विणायचे आणि ललारीने रंगवायचे. मागाचा पन्हा अरुंद, म्हणून दोन किंवा तीन पट्टे जोडून ओढणीची रुंदी साधली जाई. पुरी ओढणी साधारण अडीच मीटर लांब आणि दीड मीटरच्या आसपास रुंद होई. वरचा धागा मात्र रेशमाचा. त्याला ‘पट’ म्हणतात. पीळ न दिलेले, मऊ, चकाकणारे हे रेशीम काश्मीर, अफगाणिस्तान, बंगाल अशा वाटांनी पंजाबात येई, अमृतसरसारख्या शहरांत रंगवले जाई आणि तिथून खेड्यापाड्यांत पोचे. कापूस आणि श्रम घरचे असले तरी रेशमाला रोख पैसे मोजावे लागत. फुलकारीच्या टाक्यात या काटकसरीची खूण दिसते. जवळजवळ सगळे रेशीम सुलट बाजूला दिसते. उलट बाजूला खद्दरचा एखादा धागा उचलण्यापुरतेच ते जाते.

हा टाका रफूचा आहे, आणि तो कापडाच्या उलट बाजूने घातला जातो. कापडावर नक्षी छापलेली किंवा रेखलेली नसते. बाई खद्दरचे धागे मोजत जाते. सुलट बाजू तिच्या मांडीकडे असते, त्यामुळे फूल उमलत असताना ते तिला दिसत नाही. सगळा हिशेब बोटांत आणि डोक्यात. एकच सोनेरी धागा कुठे उभा, कुठे आडवा गेला की उजेड त्यावर वेगवेगळा पडतो आणि एका रंगाच्या दोन छटा भासतात. खद्दर अजिबात दिसणार नाही इतके भरगच्च भरलेल्या ओढणीला ‘बाग’ म्हणतात. असा एक बाग पुरा व्हायला वर्ष सहज लागे, कधी त्याहून जास्त. दिवसाची कामे उरकल्यावर गावातल्या मुली-बाया एकत्र जमून सूत काढत, भरत आणि गात. या बैठकीला त्रिंजण म्हणत. मुलीला टाका शिकवणारी शाळा हीच होती. शीख, हिंदू आणि मुसलमान अशा तिन्ही समाजांतल्या बायकांनी ही कला जोपासली. वारिस शाहच्या अठराव्या शतकातल्या ‘हीर’मध्ये लग्नाच्या कापडांत फुलकारीचा उल्लेख येतो, तो या रुजलेपणाची साक्ष देतो.

आता नात्यांकडे येऊ, कारण फुलकारीचे खरे वर्गीकरण नात्यांचेच आहे. ‘चोप’ ही आजोळची ओढणी. नात जन्मली की आईची आई ती भरायला घेई, आणि लग्नाच्या वेळी हातात चूडा चढवण्याच्या विधीनंतर ती नातीच्या अंगावर घाली. चोप इतर ओढण्यांपेक्षा मोठी असते आणि तिचा टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. ‘सुभर’ ही लग्नाच्या फेऱ्यांच्या वेळी घेण्याची. तिच्या मध्यभागी एक आणि चार कोपऱ्यांत चार अशी पाच कमळे असतात. ‘वरीचा बाग’ सासरचा. मुलाच्या घरच्या बायकांनी तो वर्षानुवर्षे भरून ठेवलेला असे आणि नवी सून घरात आली की तिच्या डोक्यावर घातला जाई. पांढऱ्या खद्दरवरची ‘थिरमा’ वायव्येकडच्या हजारा आणि रावळपिंडी भागातली. वयस्क स्त्रिया आणि विधवा ती विशेषकरून घेत. ‘दर्शनद्वार’ हा बाग माणसासाठी नसतोच. नवस फेडताना तो देवळात किंवा गुरुद्वाऱ्यात वाहायचा, आणि त्यावर दारांच्या कमानी भरलेल्या असतात.

भटिंडा आणि फरीदकोटकडची ‘सैंची’ या सगळ्यांत निराळी. तिच्यात आधी काळ्या शाईने आकृत्या रेखून घेत आणि मग भरत. दळण दळणारी बाई, ताक घुसळणारी बाई, मोर, उंट, कुस्तीगीर, दागिने, आणि रेल्वे आल्यावर रेल्वेसुद्धा त्या ओढणीवर आली. घराबाहेर फारसे न पडणाऱ्या बायकांनी आपल्याला दिसलेले जग डोक्यावर घ्यायच्या वस्त्रावर लिहून ठेवले आहे. त्या काळच्या ग्रामीण पंजाबी स्त्रीच्या हातचा लेखी दस्तऐवज आपल्याकडे फार थोडा आहे. सैंची ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते, असे माझे मत आहे.

चोप घ्या किंवा वरीचा बाग, दोन्हींत देणारी बाई आहे आणि घेणारीही बाईच आहे. माहेरच्या दोन पिढ्या आणि सासरच्या दोन पिढ्या नव्या नवरीच्या माथ्यावर एकत्र येतात. पुष्कळ बागांत एखादा कोपरा मुद्दाम अपुरा सोडलेला किंवा वेगळ्याच रंगात भरलेला आढळतो. ही ‘नजरबुटी’, दृष्ट लागू नये म्हणून. इतक्या काळजीने भरलेल्या वस्त्राला केवळ बंधनाचे वस्त्र म्हणता येणार नाही.

तरीही बंधनाचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पंजाबात ‘घुंड’ काढण्याची चाल होती. सासरा, थोरला दीर आणि गावातले वडीलधारे पुरुष समोर आले की सुनेने ओढणी चेहऱ्यावर ओढायची. ‘घुंघट बाग’ या प्रकारात तर चेहऱ्यावर येणाऱ्या भागासाठी वेगळी त्रिकोणी नक्षी असे. ओढणी कितीही सुंदर असली तरी तिच्याआड बाईचा आवाज आणि चेहरा झाकला जात होता, ही वस्तुस्थिती आहे. या चालीला विरोधही पंजाबच्याच मातीतून झाला. तिसरे गुरू अमरदास यांनी संगतीत येणाऱ्या स्त्रियांनी तोंड झाकू नये असे सांगितल्याची परंपरा आहे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या शीख रहत मर्यादेतही स्त्रीने पडद्याने चेहरा झाकणे उचित नाही असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच वेळी गुरुद्वाऱ्यात डोके झाकणे स्त्री-पुरुष दोघांनाही बंधनकारक आहे. डोके झाकणे आणि चेहरा लपवणे यांत पंजाबी समाजाने केलेला हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्यात सर्वांची नम्रता आहे, दुसऱ्यात एकीची माघार. एकच ओढणी हातभर पुढे ओढली की या दोन अर्थांमधली सीमा ओलांडली जाई. पुढच्या प्रकरणांत ही सीमा वाचकाला वारंवार भेटेल.

फुलकारीला पहिला धक्का बाजाराने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय गिऱ्हाइकांना ती आवडू लागली. पडदे, टेबलावरची वस्त्रे आणि भिंतीवरची सजावट यांसाठी मागणी आली. पंजाबात अनेक वर्षे राहिलेल्या फ्लोरा अॅनी स्टील या लेखिकेने १८८८ मध्ये ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’मध्ये फुलकारीवर लिहिले. शेतकरी घरांतल्या बायकांच्या कामाचे तिने मनापासून कौतुक केले आणि बाजारासाठी होणाऱ्या घाईच्या कामाबद्दल नाराजीही दाखवली. खद्दरच्या जागी गिरणीचे कापड आले, वनस्पतिज रंगांच्या जागी रासायनिक रंग आले. गिरणीच्या तलम कापडाचे धागे मोजणे डोळ्यांना अवघड, त्यामुळे मोजून भरण्याऐवजी छाप्यावर भरण्याची सवय लागत गेली. हा बदल वरवर तांत्रिक वाटतो. पण त्यामुळे आजीकडून नातीकडे जाणारी, मोजणीवर उभी असलेली विद्या अनावश्यक ठरली.

दुसरा धक्का १९४७ च्या फाळणीचा. सगळ्यात बारीक, सगळ्यात देखणे बाग ज्या रावळपिंडी आणि हजारा भागात भरले जात, तिथे ऑगस्टच्या आधीच, मार्च १९४७ मध्ये हत्याकांड झाले. रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावात अब्रू वाचवण्यासाठी सुमारे ९० स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या. घराची अब्रू बाईच्या डोक्यावरच्या ओढणीत असते, असे ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सांगितले, त्याने तिची किंमत बायकांकडूनच वसूल केली. फुलकारीचा इतिहास लिहिताना ही विहीर वगळता येत नाही. उर्वशी बुटालिया यांचे ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ आणि रितू मेनन व कमला भसीन यांचे ‘बॉर्डर्स अँड बाउंडरीज’ ही दोन्ही पुस्तके १९९८ मध्ये आली, तोवर फाळणी सोसलेल्या बायकांना स्वतःच्या तोंडाने बोलू देणारे लेखन फारच थोडे होते.

पंजाबच्या दोन्ही बाजूंनी मिळून एक कोटीच्या आसपास माणसे हलली. गाड्यांतून, बैलगाड्यांतून आणि पायी निघालेल्या काफिल्यांतून काय न्यायचे हे घाईत ठरवावे लागले. फुलकाऱ्या हलक्या होत्या, घडी घालता येत होत्या, गाठोडे बांधायलाही उपयोगी पडत होत्या. काही सीमेपार पोचल्या. पोचलेल्यांतल्या कित्येक पुढे पोटासाठी मिळेल त्या भावाने विकल्या गेल्या. अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ मध्ये सुरू झालेल्या फाळणी संग्रहालयात एक फुलकारीचा कोट आणि एक चामडी बॅग शेजारी शेजारी ठेवली आहेत. लग्न ठरलेल्या दोघांची ताटातूट झाली, निर्वासितांच्या छावणीत ती पुन्हा भेटली, आणि तिचा कोट व त्याची बॅग एवढेच दोघांचे सामान होते. संग्रहालयात फुलकारी कशी मांडावी याचे हे उत्तम उदाहरण मला वाटते, कारण तिथे वस्तूसोबत माणसे आहेत.

फाळणीनंतर पतियाळा, राजपुरा आणि आसपासच्या वसाहतींत निर्वासित बायकांच्या हाताला भरतकामाने काम दिले. जे कसब मुलीच्या लग्नासाठी होते, ते आता नगावर मिळणाऱ्या मजुरीसाठी वापरायचे होते. सरकारी केंद्रे आणि सहकारी संस्था उभ्या राहिल्या, पुढे फुलकारीला भौगोलिक मानांकन मिळाले. पतियाळ्याच्या त्रिपडी भागातल्या लाजवंती यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. एका फुलकारी भरणाऱ्या बाईचे नाव देशाने उच्चारले, याचा आनंद मोठा आहे. पण ज्या बाईच्या हातचा दुपट्टा शहरातल्या दुकानात चढ्या भावाने विकला जातो, तिच्या हाती त्यातले किती पडते, हा प्रश्न मानांकनाने सुटलेला नाही. मधल्या दलालांची साखळी लांब आहे, आणि यंत्रावर भरलेला माल ‘फुलकारी’ याच नावाने तिच्याशी स्पर्धा करतो.

समुद्रापलीकडची गोष्ट निराळी, कारण तिथे आधी गेले ते पुरुष. पूर्व आफ्रिकेतल्या युगांडा रेल्वेसाठी १८९६ पासून हजारो मजूर नेले गेले, त्यांतले बहुसंख्य पंजाबचे. १९१४ मध्ये व्हँकूवरच्या किनाऱ्यावर अडवलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजावर ३७६ प्रवासी होते, तेही जवळजवळ सगळे पुरुष. ओढण्या गावातच राहिल्या, आणि त्या घेणाऱ्या बायकाही. कॅलिफोर्नियात शेतमजुरीला गेलेल्या पंजाबी पुरुषांना कायद्यांमुळे बायका आणता येईनात. त्यांच्यातल्या कित्येकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. अभ्यासक कॅरन लेनर्ड यांनी या कुटुंबांवर पुस्तकच लिहिले आहे. त्या घरांतल्या मुलींना बापाचे पंजाबी आडनाव मिळाले, पण चोप भरणारी आजी मिळाली नाही. स्थलांतरात काय टिकते आणि काय नाही, हे बाई सोबत आहे की नाही यावर किती अवलंबून असते, ते इथे लख्ख दिसते.

ब्रिटनमध्ये १९६२ च्या कायद्याने प्रवेशावर निर्बंध आल्यावर बायका-मुलांना बोलावून घेण्याचा वेग वाढला. साउथॉल आणि बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी पंजाबी घरे पुरी झाली. कारखान्यात काम करणाऱ्या त्या पहिल्या पिढीच्या बायकांना वर्षभर बसून बाग भरायला सवड कुठली? त्यांनी पेटीतून आणलेली एखादी ओढणी जपली, एवढेच. त्यांच्या मुलींनी ती फारशी घेतली नाही. परक्या रस्त्यावर ती अंगावर घेणे म्हणजे टोमण्यांना आमंत्रण होते. नातींनी मात्र ती पेटीतून बाहेर काढली. आज कॅनडातले ब्रॅम्प्टन असो, सरे असो किंवा ब्रिटनमधले साउथॉल, पंजाबी नवरी लग्नमंडपात येते तेव्हा भाऊ-बहिणी चार टोके धरून तिच्या डोक्यावर फुलकारी उंच धरतात. पूर्वी जी ओढणी डोक्यावरून चेहऱ्यावर येई, ती आता छत होऊन वर गेली आहे. नवरीचा चेहरा उघडा असतो आणि घरचे सगळे ते वस्त्र उचलून धरतात. बहुतेक वेळा हे कापड यंत्रावर भरलेले, कृत्रिम धाग्याचे असते. जाणकार नाक मुरडतात. मला त्यांचे म्हणणे कारागिरीपुरते पटते, पण या मुलींनी प्रथेतला आशीर्वाद ठेवला आणि माघार टाकली, हा निवड करण्याचा शहाणपणा मला मोठा वाटतो.

असाच शहाणपणा पंजाबातही दिसला. शेतकरी आंदोलनात ८ मार्च २०२१ रोजी दिल्लीच्या सीमांवर हजारो स्त्रिया पिवळ्या ओढण्या घेऊन जमल्या. मोहरीच्या शेतांचा आणि भगतसिंगांच्या आठवणीचा तो रंग. त्यांत घुंड काढून आयुष्य गेलेल्या आज्याही होत्या आणि कॉलेजात शिकणाऱ्या नातीही. डोक्यावर ओढणी तीच, पण चेहरा उघडा आणि आवाज ध्वनिक्षेपकावर.

हे सारे मराठीत का लिहायचे, असा प्रश्न कुणी विचारील. पंजाबशी आपले नाते जुने आहे. संत नामदेव उत्तरायुष्यात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. गुरू गोविंदसिंगांची अखेर १७०८ मध्ये नांदेडला झाली. फाळणीनंतर मुंबईत सायन कोळीवाड्याला पंजाबी निर्वासितांची वसाहत झाली. म्हणजे त्या गाठोड्यांतली काही आपल्या शेजारी येऊन उघडली गेली. शिवाय डोक्यावरच्या वस्त्राचा प्रश्न आपल्या घरातलाही आहे. आपल्या आज्यांच्या डोक्यावरचा पदर ढळत नसे, काही मराठा घराण्यांत गोषा पाळला जाई, आणि त्या पदराविषयी आदर, सवय आणि सक्ती यांचे मिश्रण आपणही पुरते उलगडलेले नाही. फुलकारीची कहाणी वाचताना मराठी वाचकाला आपल्या घरातल्या पदराकडेही नव्याने पाहता आले, तर या लेखनाचे सार्थक होईल.

फुलकारीचे भवितव्य काय, यावर माझे मत स्पष्ट आहे. प्रत्येक मुलीने आजीसारखा बाग भरावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ती फुरसत आणि ती सक्ती दोन्ही गेल्या. पण जे भरले गेले त्याच्यामागची नावे जाऊ देणे हा दुसरा अन्याय आहे. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात २०१७ मध्ये फुलकाऱ्यांचे मोठे प्रदर्शन झाले, त्याच्या शीर्षकात संग्राहकांचे नाव होते. संग्राहकांनी या वस्त्रांना जपले, त्यांचे ऋण मान्यच आहे. मात्र भरणाऱ्या बायकांची नावे बहुतेक ठिकाणी कुठेच नाहीत, कारण ती वेळेवर कुणी विचारली नाहीत.

ती आता विचारता येतील. ज्यांच्या घरात जुनी फुलकारी आहे, त्यांनी तिचे तुकडे करून उशांचे अभ्रे किंवा जाकिटे शिवू नयेत. ती सुती कापडात गुंडाळून उन्हापासून दूर ठेवावी, अधूनमधून घडी बदलावी, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून एका कागदावर लिहून ठेवावे: ही कुणी भरली, कोणत्या गावात, कुणासाठी. शेजारी पंजाबी कुटुंब असेल तर त्यांच्या आजींनाही हे विचारावे, आणि आपल्या आजीच्या पेटीतल्या लुगड्याबद्दलही. सांगणाऱ्या बाया आहेत तोवर हे करून घ्या. पुढची प्रकरणे वाचायला त्यानंतर घेतलीत तरी चालेल.